शुभेच्छापत्रें : कालचीं व आजचीं

संक्रांतीस सोलापुरांत श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते आणि नवी पेठेच्या बाजारांत तिळगुळाची खरेदी चालते. परंतु परगांवच्या आप्तांस तिळगूळ पोंचवावा कसा?

शुभेच्छा छापून धाडण्याची चाल विलायतेंतली. १८४३ सालीं लंडनांत हेन्री कोल यांनीं चित्रकार हॉर्स्ले यांजकडून नाताळचें पत्र काढविलें. किंमत एक शिलिंग, म्हणजे तें श्रीमंतांचेंच राहिलें. हिंदुस्थानांत १८७९ च्या जुलैंत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें व टपाल सामान्यांच्या आटोक्यांत आलें. मात्र पोस्टकार्डांत अक्षरें मावत, तीळ मावत नसे. म्हणून संक्रांतीला लिफाफाच लागे : आंत छापील भेटकार्ड, पुडींत हलव्याचे चार दाणे, आणि खालीं वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद अशी स्वहस्ताची ओळ. छापील मजकूर सर्वांना एकच. ती ओळ मात्र ज्याची त्यालाच असे.

३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत मोबाइल फोनवर पहिला लेखी संदेश आला, तोहि नाताळच्या शुभेच्छेचाच. आतां एकच चित्र क्षणांत शेंकडों घरीं जातें. गोड बोलण्याचा उपदेश सर्वांस पोंचतो. पण एकाचें नांव घेऊन त्याच्याशीं गोड बोलणें मागें पडलें आहे. ती एक ओळ आजहि लिहितां येते; तिला टपालखर्चहि पडत नाहीं.