घरात शिकलेले पक्षी : पुरावा कुठे शोधायचा?

नामदेवांना औंढा नागनाथला गुरू भेटले, ते विसोबा खेचर, असं परंपरा सांगते. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, म्हणजे पक्षीसुद्धा! असो, हे विषयांतर झालं.

१९०८ साली मुंबईत लहानग्या सालिम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजींना ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे पाठवलं. इथे साल आहे, संस्था आहे, आत्मचरित्रही आहे. संशोधकाची सोय झाली.

सोलापूरच्या मारुती चितमपल्लींना (१९३२–२०२५) मात्र पाखरं आधी आईनं आणि घरच्या वडीलधार्‍यांनी दाखवली. पुढे ते वनाधिकारी झाले, 'पक्षिकोश' लिहिला. आईच्या त्या धड्यांची तारीख कोण लिहून ठेवणार?

म्हणून घरातलं नाव टिपताना गाव, ऋतू आणि सांगणार्‍याचं वय लगेच शेजारी लिहा. 'नंतर विचारू' म्हणू नका. माझ्या वहीत नुसतं 'होला' लिहिलंय. कंठी होला की ठिपकेवाला, हे आजीला विचारायचं राहून गेलं. आता ती नाही.