सावित्रीच्या खाडीचा तळ : बोय, जिताडा आणि बुडालेला कचरा

इतिहासाच्या व्याख्यानात मासेमारी कशाला, आणि त्यातही कचरा कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आपण इतिहास वाचतो तो कागदांवरून, शिलालेखांवरून, किल्ल्यांवरून. पण महाड-पोलादपूरच्या इतिहासाचा एक मोठा भाग सावित्रीच्या पाण्याखाली, गाळात पडून आहे. तो रोज चाचपून पाहणारी माणसं म्हणजे तिथं पाग टाकणारी, गरवणारी माणसं. आज त्यांच्या बाजूनं, म्हणजे तळाच्या बाजूनं, आपण हा इतिहास बघणार आहोत.

आधी भूगोल थोडक्यात. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी आंबेनळीच्या अंगानं पोलादपूरला उतरतं, पुढे महाडला येतं, गांधारीला सोबत घेतं आणि दासगाव, आंबेत करत बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामधून समुद्राला मिळतं. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की पोलादपूरला नदी एकाच दिशेनं वाहते, महाडच्या खाली ती दोन दिशांनी वाहते. भरतीचं पाणी समुद्रापासून इतक्या आत, डोंगरांच्या पायथ्याशी येतं. आमच्या आजच्या विषयाचं मूळ या दुहेरी वाहण्यात आहे.

ही भरती होती म्हणून महाड हे बंदर होतं. गावाजवळची गांधारपाले लेणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली आहेत. खाडीतून आलेला माल इथं उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. लेणी अशाच वाटांच्या काठी कोरली जातात. १७५६ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहात इंग्रजांनी खाडीच्या तोंडावरचं बाणकोट आपल्याकडे घेतलं. आणि ही जलवाट किती अलीकडेपर्यंत जिवंत होती, याचा पुरावा आपल्या सर्वांना माहीत असलेल्या एका घटनेत आहे. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीनं मुंबईहून निघाले. दुसऱ्या दिवशी ते दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. चवदार तळ्याच्या लढ्याचा दुसरा टप्पा या खाडीतून आला, हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. आता माल आणि माणसं रस्त्यानं जाऊ लागली. बंदर हळूहळू मागे पडलं. बंदर होतं तोवर खाडीचा तळ मोकळा ठेवणं ही व्यापाऱ्यांची गरज होती. एखादं गलबत रुतलं, एखादा ओंडका वाटेत आडवा पडला, तर त्याची काळजी करणारे पैसेवाले लोक होते. बंदर गेलं आणि तळाचा वाली गेला. उरले ते फक्त मासे धरणारे. हे आजच्या विवेचनाचं पहिलं सूत्र.

आता मासे बघू. दोनच घेऊ : बोय आणि जिताडा.

बोय हा थव्यानं फिरणारा मासा. अंडी समुद्रात घालतो, पिल्लं खाडीत वर चढतात. त्याचं खाणं म्हणजे गाळावरचं शेवाळ, कुजलेला पाला आणि त्यावरचे सूक्ष्म जीव. गाळ तोंडात घ्यायचा, उपयोगाचं ठेवायचं, बाकीचं टाकायचं. त्याचं जठर कोंबडीच्या पोटातल्या पथरीसारखं जाड असतं, त्यामुळे बारीक वाळूसकट सगळं दळलं जातं. म्हणजे तळाशी जे आहे ते बोयीच्या पोटात जातं. पाण्यात तेल आलं की तिच्या मांसाला रॉकेलसारखा वास येतो. हा अनुभव जगभरच्या खाड्यांमध्ये आहे.

जिताडा अगदी उलट. तो शिकारी. रायगड जिल्ह्यात त्याला मानाचा मासा समजतात. तो बहुधा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे संपवले की अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात. तो मोकळ्या पाण्यात फारसा थांबत नाही. बुडालेला ओंडका, पुलाचा खांब, कोसळलेला बांध, अशा आडोशाला प्रवाहाच्या सावलीत उभा राहतो आणि वाहत येणाऱ्या कोळंबीवर, लहान बोयीवर झडप घालतो.

म्हणजे बघा, जे पाण्याखाली पडलेलं आहे ते सगळंच कचरा नाही. जिताड्याचं ते घर आहे. ज्या ओंडक्यात जाळं अडकतं त्याच ओंडक्यामागे मासा असतो. जुने मासेमार अशा जागा नावानिशी ओळखत. कुठे पाग टाकायचा, कुठे फक्त गरवायचं, हे ज्ञान घराण्यात चालत आलेलं असे. वेळेचं गणितही तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनची भरती, अष्टमीला सहाची. खाडीत जितकं वर याल तितका उशीर त्यात मिळवायचा. उधाणाला ओढ जास्त, भांगाला कमी. अडचणीच्या तळावर भांगाचं मंद पाणी बरं, कारण जाळं वाहत जाऊन अडकत नाही.

मग बिघडलं काय? तळाशी पडणाऱ्या वस्तूंचा स्वभाव बदलला. जुनी जाळी सुताची, तागाची असत. ऐनाच्या सालीच्या रसात ती रंगवत, म्हणजे लवकर कुजू नयेत. तरीही जाळं हरवलं तर काही महिन्यांत गाळ होऊन जाई. १९६० नंतर नायलॉन आलं. हलकं, मजबूत, न कुजणारं. मासेमाराला ते वरदानच वाटलं, आणि होतंही. पण हरवलेलं नायलॉनचं जाळं ओंडक्याला गुंडाळून राहतं आणि धन्याशिवाय मासे मारत बसतं. त्या जाळ्यात दुसरं जाळं अडकतं, त्यात पिशव्या अडकतात. आडोसा होता त्याचा सापळा झाला.

त्यानंतरच्या दशकांत महाडला औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे कारखाने आले. रोजगार आला, शहर वाढलं, आणि सांडपाण्याचा प्रश्नही आला. वाळूसाठी सक्शन पंप आले. हातपाटीनं वाळू काढणारा माणूस तळ खरवडतो, पंप तळाला खड्डे पाडतो. ज्या खड्ड्यांत पाणी संथ होतं, त्यांत कचरा साठतो.

आता त्या दुहेरी वाहण्याकडे परत येऊ. पोलादपूरला नदीत टाकलेली वस्तू दिसेनाशी होते. लोकांना वाटतं, गेली समुद्रात. पण भरती-ओहोटीच्या पाण्यात हलकी वस्तू ओहोटीला खाली जाते आणि भरतीला बरीचशी परत वर येते. दिवसातून दोनदा ही ये-जा चालते. शेवटी ती काठच्या कांदळवनात किंवा तळाशी अडकते. जड वस्तू तर फारशी हलतच नाही.

याचा अत्यंत दुःखद पुरावा २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मिळाला. तोच १९२८ चा पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. बससह वाहनं नदीत गेली. क्रेनला तीनशे किलोचा लोहचुंबक बांधून शोध घेतला. नौदलाचे पाणबुडे आले. मृतदेह बाणकोटच्या खाडीपर्यंत, अगदी आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत वाहून गेले होते. पण बसचा सांगाडा आठवडा उलटून गेल्यावर सापडला, तोही पुलापासून काही शे मीटरच्या आत. गढूळ पाण्यात तो कुणाला दिसला नाही इतकंच. नदी वस्तू निवडून ठेवते. हलकं लांब नेते, जड जवळच पुरते. त्या शोधात आपल्या सगळ्यांना कळलं, की आपल्याकडे तळाचा नकाशाच नाही.

पाच वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, महाड शहर पुरात बुडालं. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर कोसळली. डोंगरातली झाडं, माती, दगड, आणि बाजारपेठेतले फ्रिज, गाद्या, पत्रे, दुकानांतला माल, हे सगळं एकाच पाण्यात आलं. पुढे सावित्रीतला गाळ काढण्याचं काम सुरू झालं. ते आवश्यकच आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना माशाचा आडोसा सांगत बसणं योग्य नाही. पण गाळ काढणाऱ्या यंत्राला ओंडका आणि गादी यांतला फरक कळत नाही. तो फरक पागवाल्याला कळतो. प्रश्न असा आहे, की त्याला कुणी विचारतं का?

आज अशा पाण्यात मासेमारी कशी चालते, तेही सांगायला हवं, कारण तोही इतिहासच आहे. पाग टाकण्याच्या जागा कमी होत जातात. अडकलेला पाग सोडवायला बुडी मारावी लागते, आणि सावित्रीत मगरी आहेत. म्हणून गळ वाढतो. शिशाचं वजन मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोऱ्यानं बांधतात, म्हणजे अडकलं तर वजन तुटतं, मासा आणि गळ हाती राहतात. बोयीसाठी कणकेची गोळी तळाला न नेता तरंगत्या बुचाखाली लावतात. जिताड्यासाठी जिवंत कोळंबी ओंडक्याच्या वरच्या अंगाला सोडतात आणि ओहोटीच्या ओढीनं ती आडोशाजवळ जाऊ देतात. ही हुशारी आहे, पण तिच्यात माघारही आहे. घर चालवणारं जाळं जाऊन हौसेचा गळ उरतो.

जगाकडे बघितलं तर आशेला जागा आहे. लंडनच्या थेम्स नदीला तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं १९५७ मध्ये जीवशून्य ठरवलं होतं. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया सुरू झाली आणि काही दशकांत बोयीच्या जातीचे आणि जिताड्याच्या तऱ्हेचे मासे त्या भरतीच्या पाण्यात परतले. पण त्या नदीच्या तळाशी प्लास्टिक आजही आहे. म्हणजे पाणी स्वच्छ करणं आणि तळ स्वच्छ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं की दुसरं आपोआप होत नाही.

उत्तरासाठी आपल्याला लंडनला जायचीही गरज नाही. महाड तालुक्यातच काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही, आणि म्हणून तो डोह राखला गेला. श्रद्धेनं असो वा हिशेबानं, एखाद्या पाण्याला वाली असला की ते टिकतं. खाडीला असा वाली १९२८ नंतर उरला नाही. कचरा टाकला शहरानं, बाजारानं, रस्त्यानं, कारखान्यानं. जाळं फाटलं ते भोयाचं आणि कोळ्याचं. जमा एकाच्या नावावर, खर्च दुसऱ्याच्या. सावित्रीच्या तळाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर तो हा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गाळ काढण्याआधी, जे अजून या पाण्यात उतरतात त्यांना सोबत घेऊन तळाची नोंद करावी. काय काढायचं, काय राहू द्यायचं, कुठे जुनं जाळं गुंडाळलेलं आहे, कुठे जिताडा उभा राहतो, हे सगळं लिहून घ्यावं. किल्ल्यांचे नकाशे आपण काढले, लेण्यांचे काढले. ज्या पाण्यामुळे ते किल्ले आणि लेणी इथं उभी राहिली, त्याच्या तळाचा नकाशा अजून जुन्या मासेमारांच्या डोक्यात आहे. तो कागदावर उतरवायला आपल्याकडे एक पिढी उरली आहे, फार नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.