दोन मिनिटांची शांतता आणि साडेचार मिनिटांचं संगीत

गेल्या आठवड्यात एका निवृत्त गुरुजींच्या शोकसभेला गेलो होतो. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या." पत्रकाराची खोड, माझं लक्ष घड्याळाकडे. माईकवरून "ॐ शांती" आलं तेव्हा ३४ सेकंद झाले होते.

हे मी आधीही मोजलंय. आपल्या तालुक्यात दोन मिनिटं कधी पुरी भरत नाहीत. कुणी खाकरतं, कुणाचा मोबाइल वाजतो आणि माईकवाल्याला राहवत नाही. घरी येताना एका जुन्या मैफलीची गोष्ट आठवली. ती आज सांगतो. थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

२९ ऑगस्ट १९५२. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक गाव. गावाजवळच्या झाडीत मॅव्हरिक नावाचा एक लाकडी हॉल, मागची बाजू जंगलाकडे उघडणारी. कलाकारांच्या मदतनिधीसाठी कार्यक्रम होता. डेव्हिड ट्यूडर नावाचा तरुण पियानोवादक मंचावर आला, बसला आणि त्याने पियानोचं झाकण बंद केलं. समोर स्वरलिपीचे कागद, हातात स्टॉपवॉच. थोड्या वेळाने झाकण उघडलं, पहिला भाग संपला. पुन्हा झाकण बंद, दुसरा भाग. मग तिसरा भाग. एकूण ४ मिनिटं ३३ सेकंद. तो मधूनमधून कागद उलटत होता, पण एकही पट्टी दाबली नाही. उठून उभा राहिला. झाली मैफल.

लोक चिडले, काही उठून गेले. नंतरच्या चर्चेत एका स्थानिक कलाकाराने या मंडळींना गावाबाहेर हाकला असं सुचवलं म्हणतात. आपल्याकडे झालं असतं तर तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

रचनाकाराचं नाव जॉन केज. वय तेव्हा ३९. शोनबर्गसारख्या मोठ्या संगीतकाराकडे शिकलेला माणूस. त्याचं म्हणणं असं की लोकांना ऐकायचं कसं तेच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना ती शांतता वाटली. पहिल्या भागात बाहेर वारा सुटला होता, दुसऱ्या भागात छपरावर पावसाचे थेंब पडायला लागले, तिसऱ्या भागात लोकांची कुजबुज आणि उठून जाणाऱ्यांची पावलं. हेच संगीत होतं.

आता कुणी म्हणेल, हा शुद्ध थिल्लरपणा. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा तसंच वाटलं होतं. पण हा माणूस तिथपर्यंत कसा आला ते बघा.

१९४६ साली अहमदाबादच्या गिरणीमालक साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्य संगीताचा आपल्या संगीतावर होणारा परिणाम त्यांना समजून घ्यायचा होता. केजने त्यांना पाश्चात्य रचनाशास्त्र शिकवलं, त्यांनी त्याला भारतीय संगीत. केज तेव्हा मनाने खचलेला होता, संगीत करायचं तरी कशासाठी, हा प्रश्न त्याला छळत होता. गीताबाईंनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन निवावं, स्थिर व्हावं आणि दैवी प्रभावासाठी मोकळं व्हावं, यासाठी. जाताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचं पुस्तक दिलं. हे ऋण केजने पुढे आयुष्यभर सांगितलं. झेनचाही प्रभाव त्याच्यावर मोठा होता, पण ते नंतरचं.

१९५१ च्या सुमारास तो हार्वर्ड विद्यापीठातल्या एका खास खोलीत गेला. तिच्या भिंती आवाज गिळून टाकतात, बाहेरचं काही आत येत नाही. तरी त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक जाड. तिथल्या इंजिनिअरने सांगितलं, बारीक तो तुझ्या मज्जासंस्थेचा, जाड तो रक्ताभिसरणाचा. बारीक आवाजाचं हे स्पष्टीकरण आज तज्ज्ञ तसंच्या तसं मान्य करत नाहीत. पण केजला जे कळायचं ते कळलं: माणूस जिवंत आहे तोवर पूर्ण शांतता नाहीच. आपण ज्याला शांतता म्हणतो ते म्हणजे ज्यांच्याकडे आपलं लक्ष नव्हतं ते आवाज.

आपल्या तबल्यातही 'खाली' असते, तीनतालात नवव्या मात्रेला. टाळी न देता हात बाजूला करतात आणि ऐकणाऱ्याला कळतं. पण ती खाली ठेक्याच्या आतली. केजने सगळी चौकटच मोकळी सोडली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९४८ सालच्या एका भाषणात केजने एक बेत बोलून दाखवला होता. अखंड शांततेचा एक तुकडा तयार करायचा आणि तो म्युझॅक कंपनीला विकायचा. ही कंपनी कारखान्यांत, ऑफिसांत तारेवरून सतत संगीत सोडायची. कामगाराने मागितलेलं नसायचं, पण कान बंद करता येत नाहीत. त्या माऱ्यात तीन-साडेचार मिनिटं गप्प.

त्याच १९४८ साली राजधानी वॉशिंग्टनमध्ये बस आणि ट्रामगाड्यांत रेडिओ सुरू झाला. गाणी, मधे जाहिराती. प्रवासी कोर्टात गेले. २६ मे १९५२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: चालू द्या. न्यायमूर्ती डग्लस विरोधात गेले. बसमधला माणूस अडकलेला श्रोता आहे, त्याला ऐकायची सक्ती का, हा त्यांचा मुद्दा. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर तर सुनावणीतूनच बाजूला झाले, कारण या प्रकाराचा त्यांना स्वतःलाच इतका त्रास होता की निःपक्ष राहता येणार नाही असं त्यांना वाटलं. वुडस्टॉकचा कार्यक्रम झाला तो यानंतर तीन महिन्यांनी. केजने खटला बघून ते रचलं असं मी म्हणत नाही. पण प्रश्न एकच होता, माझ्या कानांवर हक्क कुणाचा?

आपल्याकडे याचं उत्तर १८ जुलै २००५ ला मिळालं. त्या याचिकेमागची घटना वाचली की अंगावर काटा येतो. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. जवळच मोठ्याने लाउडस्पीकर चालू होता, तिच्या हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बोलायचा हक्क आहे तसा न ऐकण्याचाही आहे, लाउडस्पीकर लावून गोंगाट करणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेतच. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येतं. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा.

गेल्या वर्षी वडील एका दवाखान्यात होते. खाली 'शांतता क्षेत्र'चा बोर्ड, निम्मा वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकलेला. रस्त्यावरून मिरवणूक गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. वडील काहीतरी बोलत होते. मी तोंडाजवळ कान नेला तरी कळलं नाही. डीजे पुढे गेल्यावर विचारलं, "अण्णा, काय म्हणत होतात?" ते म्हणाले, "जाऊ दे." बहुतेक पाणीच मागत असतील. पण ते 'जाऊ दे' अजून माझ्या कानात आहे.

मिरवणूक कुणाची होती ते लिहीत नाही. सगळ्यांच्याच असतात, माझ्याही गल्लीची असते, वर्गणी मीही देतो. पण केजची ती साडेचार मिनिटं मला त्या दिवशी कळली. शांतता म्हणजे काहीच ऐकू न येणं नव्हे. जवळच्या माणसाचा बारीक आवाज ऐकू येणं म्हणजे शांतता. डीजे तोच आवाज घेऊन जातो.

पुढच्या शोकसभेत दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद पुरे होऊ देऊ या. पंखा, चिमण्या, कुणाचा तरी हुंदका, जे ऐकू येईल ते येऊ दे. सूत्रसंचालक मंडळींना विनंती, घड्याळ मी धरतो, तुम्ही फक्त माईक बंद ठेवा.