वाटीचे छिद्र

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती स्थिरावलेल्या मराठी घरांच्या माळ्यावर क्वचित तांब्याची एक पातळ, अर्धगोल वाटी सापडते. तिच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. नव्या पिढीला ती फुटकी वाटते आणि ती मोडीत जाते. वस्तुतः ते छिद्र हेच तिचे प्रयोजन होय. ही वाटी म्हणजे घटिकापात्र.

घंगाळातील स्वच्छ पाण्यावर ती ठेवली की छिद्रातून हळूहळू पाणी शिरते व एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, भरताच ती बुडते. अहोरात्रात अशा ६० घटिका. सूर्यसिद्धान्तात या यंत्राचे वर्णन आहे. लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर साधला जाई. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचारही त्यातूनच आला.

शिवलिंगावरील अभिषेकपात्रालाही छिद्र असते. परंतु ते टांगण्यासाठी त्याला कड्या असतात, घटिकापात्राला त्यांची गरज नसते. शंका वाटल्यास वाटी पाण्यावर सोडावी व घड्याळ पाहावे.

पूर्वजांच्या सनदा आपण जपतो, भांडी मात्र वजनावर विकतो. मोडीत घालण्यापूर्वी निदान एवढे पाहावे, की हे छिद्र पडलेले आहे, की पाडलेले?