अभिलेखाचे स्थलांतर आणि नोंदीची ओळख : धडगाव (अक्राणी) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाकडे सामान्यतः नव्या यंत्रांचा इतिहास म्हणून पाहिले जाते. जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात माहिती कशी नेली गेली, तिच्यातील काय टिकले आणि काय गळाले, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांच्या कक्षेतील मानून बाजूला ठेवला जातो. वास्तविक दप्तर बदलणे ही शासनसंस्थेच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय. मोडीतील कागद बाळबोधीत आले, कसबेवार दप्तरांची जिल्हावार मांडणी झाली, हस्तलिखित सातबारा संगणकात गेला आणि पुढे तालुक्याच्या सर्व्हरवरील माहिती राज्याच्या केंद्रात पोहोचली. या सर्व घटना एकाच प्रक्रियेच्या निरनिराळ्या अवस्था आहेत.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी हा सातपुड्याच्या रांगांत वसलेला आणि उत्तरेस नर्मदेपर्यंत पोहोचलेला तालुका असून धडगाव हे त्याचे मुख्यालय आहे. भिल्ल व पावरा या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांचे स्थलांतर हे सर्व तालुक्यांना लागू असलेले काम होते. तथापि त्याचा खरा अर्थ अक्राणीसारख्या तालुक्यात अधिक स्पष्टपणे उमगतो. प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने या विषयाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) संगणकीय निर्देशिका व तिचे स्थलांतर या संकल्पनांचा ऐतिहासिक विकास पाहणे.
२) महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांचा हस्तलिखितापासून केंद्रीय सर्व्हरपर्यंतचा प्रवास मांडणे.
३) या प्रवासाचा धडगाव परिसरातील गावे व धारणाधिकार यांच्या संदर्भातील अर्थ तपासणे.

१. निर्देशिका : संकल्पना व विकास

संगणकांच्या जाळ्यात अनेक माणसे, यंत्रे आणि फाइली असतात. कोण कोणत्या नावाने ओळखला जातो आणि कोणास काय पाहण्याचा वा बदलण्याचा अधिकार आहे, याची मध्यवर्ती नोंदवही म्हणजे निर्देशिका, अर्थात डिरेक्टरी. १९८८ मध्ये एक्स.५०० या नावाने तिचे आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले. ते वापरण्यास अवजड ठरल्याने मिशिगन विद्यापीठात एलडॅप ही सुटसुटीत पद्धती विकसित झाली आणि १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीने नेटवेअर ४ बरोबर आपली निर्देशिका सेवा आणली. मायक्रोसॉफ्टच्या १९९६ मधील विंडोज एनटी ४.० मध्ये वापरकर्त्यांची यादी सपाट होती. शाखा-उपशाखांची उतरंड तीत मांडता येत नसे. २००० मध्ये विंडोज २००० बरोबर आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीने ही उतरंड शक्य केली. एनटी ४.० चा आधार २००४ च्या अखेरीस आणि विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी संपला. परिणामी जगभरातील असंख्य कार्यालयांना आपल्या निर्देशिका नव्या प्रणालीत न्याव्या लागल्या.

या स्थलांतरांतून एक महत्त्वाचा धडा मिळाला. वापरकर्त्याचे नाव नव्या सर्व्हरवर जसेच्या तसे लिहिले, तरी यंत्राच्या दृष्टीने तो नवा मनुष्य ठरतो, कारण यंत्र नाव ओळखत नाही. ते नावामागील सुरक्षा क्रमांक ओळखते. नव्या क्षेत्रात नवा क्रमांक मिळताच जुन्या फाइलींवरील त्याचे अधिकार नाहीसे होतात. म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नव्या खात्यासोबत जुना क्रमांकही इतिहास म्हणून जपण्याची सोय करण्यात आली. स्थलांतरात नोंदीइतकीच तिची जुनी ओळख आणि तिच्याशी जोडलेले संबंध सोबत नेणे आवश्यक असते, हे सूत्र येथे सिद्ध झाले. भूमी अभिलेखांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते.

२. हस्तलिखित दप्तरापासून तालुक्याच्या सर्व्हरपर्यंत

मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी अधिकार अभिलेखाची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली आणि तिने या पद्धतीस एकसूत्री रूप दिले. गाव नमुना सात हा अधिकाराचा, बारा हा पिकांचा, सहा हा फेरफारांचा आणि आठ-अ हा खातेदाराच्या एकूण धारणेचा. हे नमुने परस्परांत गुंफलेले आहेत. सातवरील प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून ते नाव तेथे कसे आले, याचा माग काढता येतो. संहितेच्या कलम १५७ नुसार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे नकलनविसाची चूक ही केवळ लेखनदोष राहत नाही. ती कायद्याच्या दृष्टीने सत्य ठरण्याचा धोका असतो.

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. पुढे ही योजना विस्तारत गेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तहसील कार्यालयांतून संगणकीय सातबारा मिळू लागला. या पहिल्या टप्प्याचे वैशिष्ट्य असे की, माहिती त्या त्या तालुक्यातच राहत असे. तालुक्याचा सर्व्हर म्हणजे जणू कुलूपबंद दप्तरखाना होता.

या टप्प्याची दुसरी मर्यादा लिपीची होती. भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. परंतु विंडोजमध्ये देवनागरीचा अंगभूत आधार २००० पासून मिळाला. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. पडद्यावर ‘पावरा’ दिसणारी अक्षरे यंत्रात निराळ्याच चिन्हांची मालिका म्हणून साठवलेली असत. फॉन्ट बदलला की नाव वाचता येत नसे. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना जोडाक्षरे, रफार आणि मराठीतील ‘ऱ्य’सारखी अक्षरे विशेष त्रासदायक ठरत. यंत्र बदलण्यापूर्वी अक्षरच बदलावे लागणे, ही भारतीय भाषांतील स्थलांतराची स्वतंत्र अडचण होय.

३. तालुक्यातून केंद्राकडे

२००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम या नावाने चालू राहिला. महाराष्ट्रात याच काळात ‘ई-फेरफार’ ही प्रणाली आकारास आली. तिच्यासाठी तालुक्यांच्या सर्व्हरवरील माहिती राज्याच्या डेटा सेंटरमध्ये एकत्र आणण्यात आली. पूर्वी तलाठ्याने वहीत फेरफार लिहावा आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा, अशी पद्धत होती. नव्या प्रणालीत श्रमविभाग तोच राहिला; मात्र अधिकाऱ्याची ओळख हस्ताक्षर व शिक्क्याऐवजी डिजिटल स्वाक्षरीने पटू लागली. कोणाच्या हातात लेखणी द्यावयाची हे ठरविणारी निर्देशिका आता महसुली व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आली.

स्थलांतरित माहिती हस्तलिखिताशी ताडून पाहणे हे या कामातील सर्वांत कष्टाचे अंग होते. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम राबविण्यात आली. संगणकीय सातबारा गावात वाचून दाखवावा आणि खातेदारांनी चुका निदर्शनास आणून द्याव्यात, असा तिचा हेतू होता. चुकांच्या दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम १५५ मधील लेखनप्रमाद दुरुस्तीच्या तरतुदीचा आधार घेण्यात आला. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध करून देण्यात आला. संगणकशास्त्रात ज्यास माहितीची पडताळणी म्हणतात, तिला येथे चावडीचे जुने, सार्वजनिक रूप लाभले, हे लक्षणीय आहे.

अक्राणीच्या संदर्भात या पडताळणीचा विचार करताना भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. येथील घराघरांत भिलोरी व पावरी बोलली जाते. अभिलेखाची भाषा मात्र प्रशासकीय मराठी आहे. ‘पोटखराब’, ‘इतर अधिकार’, ‘अविभक्त हिस्सा’ असे शब्द नुसते मोठ्याने वाचून दाखविल्याने श्रोत्याला चूक ओळखता येईलच असे नाही. बोलीतील नाव एकदा कानावरून आणि पुन्हा फॉन्टवरून मराठीत उतरते, तेव्हा एकाच व्यक्तीची दोन लेखनरूपे सहज तयार होतात. यंत्रास ती दोन माणसे वाटतात.

४. धडगाव : एक गाव, अनेक नावे

निर्देशिकेचा गाभा म्हणजे ओळख आणि ओळखीचा प्रश्न धडगावइतका क्वचितच कोठे गुंतागुंतीचा असेल. शासकीय दप्तरात तालुक्याचे नाव अक्राणी आहे. व्यवहारात लोक ‘धडगाव तालुका’ म्हणतात. जुन्या कागदांत ‘अक्राणी महाल’ असा उल्लेख सापडतो. तालुक्याच्या मुख्यालयी नगरपंचायत स्थापन झाली, तेव्हा तिचे नाव ‘धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक’ असे तीन गावांच्या नावांनी बनले. एकाच कार्यालयाचा पत्ता कोणत्या नावाखाली शोधावा, हा येथे केवळ सैद्धांतिक प्रश्न नाही.

वरच्या स्तरावरील बदलही ध्यानात घ्यावे लागतात. १८१८ नंतर इंग्रजी अंमलाखाली आलेल्या खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे अक्राणीतील एखादे खेडे जागचे न हलता शंभर वर्षांत चार जिल्हा-नामांखाली नोंदले गेले. १९९१ च्या जनगणनेत ते धुळे जिल्ह्यात आहे. २००१ मध्ये राज्यातील ०१ क्रमांकाच्या नंदुरबार जिल्ह्यात आहे आणि २०११ मध्ये त्याच जिल्ह्याचा क्रमांक ४९७ आहे. तिन्ही जनगणनांतील आकडे जोडू पाहणाऱ्या अभ्यासकास जुन्या-नव्या संकेतांकांचा ताळेबंद आधी मांडावा लागतो.

हा गोंधळ दूर करण्यासाठी पंचायत राज मंत्रालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकरवी ‘स्थानिक शासन निर्देशिका’ तयार केली. तीत देशातील प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक आहे. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सातबाराचे नवे स्वरूप ठरविले, तेव्हा गावाच्या नावासोबत हा संकेतांक छापण्याचे निश्चित केले. नाव लिहिण्यात फरक पडला तरी गाव हरवू नये, अशी ही योजना आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे उचित ठरेल. व्यक्तीस संकेतांक देणाऱ्या ‘आधार’ योजनेचा प्रारंभही २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी झाला. दहा वर्षांच्या अंतराने माणूस आणि गाव दोघेही क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. तिसरा घटक जमिनीचा. आणि खरी अडचण तेथेच आहे.

५. नोंदीबाहेरची जमीन

स्थलांतर कितीही अचूक झाले, तरी मुळात जे नोंदलेले नाही ते नव्या प्रणालीत उतरू शकत नाही. सपाटीवरील शहादा तालुक्यात सातबारा हा शेतकऱ्याच्या व्यवहाराचा पाया आहे. सातपुड्यातील अनेक गावे मात्र दीर्घकाळ वनगावे म्हणून गणली गेली. महसुली मोजणी तेथे उशिरा पोहोचली वा अपुरी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वन खात्याच्या नकाशावर निव्वळ वन म्हणून दिसत राहिली. ज्या गावाचा आकारबंदच परिपूर्ण नाही, त्या गावाचा सर्व्हर कितीही आधुनिक केला तरी उपयोग मर्यादितच राहतो.

या उणिवेची किंमत नर्मदाकाठी मोजावी लागली. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित ठरली. पुनर्वसनाच्या प्रत्येक टप्प्यावर कसणारा कोण, जमीन किती आणि पुरावा कोणता, हेच प्रश्न वादाचे राहिले. अभिलेखात नाव असणे वा नसणे यावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून होते.

३१ डिसेंबर २००७ पासून अंमलात आलेल्या वनहक्क कायद्याने या अन्यायाची दखल घेतली. त्याच्या कलम ३(१)(ह) मध्ये वनगावे, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावे महसुली गावांत रूपांतरित करण्याचा हक्क मान्य केला आहे. कायद्याखालील जमिनीचा हक्क वारसांना मिळतो, पण तो हस्तांतरित करता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार हे हक्क महसूल व वन खात्यांच्या अभिलेखांत समाविष्ट करणे बंधनकारक आहे. म्हणजेच वनहक्काचा दाखला घरातील पेटीत असणे पुरेसे नाही. त्याला केंद्रीय सूचीत क्रमांक आणि फेरफाराशी नाते मिळाले, तरच तो इतर नोंदींच्या बरोबरीचा ठरतो.

निष्कर्ष :

१) सर्व्हरचे स्थलांतर ही तांत्रिक घटना असली, तरी अभिलेखाच्या स्थलांतरात ओळख, अधिकार आणि संबंध या तिन्हींचे हस्तांतर होते. यांपैकी एक जरी तुटले तरी नोंद दिसते, परंतु तिचे बळ जाते.

२) भारतीय भाषांत यंत्राच्या स्थलांतरासोबत लिपीचेही स्थलांतर घडले. नावांच्या लेखनातील विसंगतीचे एक कारण या दुहेरी प्रवासात शोधावे लागते. बोलीभाषक समाजांना त्याचा फटका अधिक बसण्याचा संभव असतो.

३) केंद्रीकरणामुळे माहिती सुरक्षित व सर्वत्र उपलब्ध झाली, त्याचबरोबर पडताळणीचे स्थान गावापासून दूर गेले. चावडी वाचनासारखा उपक्रम एकदाच न राबविता, आणि स्थानिक बोलीत समजावून सांगून, वेळोवेळी करणे अगत्याचे आहे.

४) नवी प्रणाली जुन्या दप्तरातील नोंदी जितक्या इमानाने उचलते, तितक्याच इमानाने त्यातील रिकाम्या जागाही उचलते. हस्तलिखित वहीतील रिकामी जागा निदान डोळ्यांना दिसत असे. संगणकाच्या सूचीत ती दिसतही नाही. म्हणून अक्राणीसारख्या तालुक्यात अभिलेखाचे आधुनिकीकरण पूर्ण झाले, असे म्हणण्यापूर्वी मोजणी आणि वनहक्कांची नोंद पूर्ण झाली आहे काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. सर्व्हर बदलण्याचे काम काही महिन्यांत उरकते. गावाला नोंदीत आणण्याचे काम सातपुड्यात शतकाहून अधिक काळ चालले आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने या दुसऱ्या कामावरून पहिल्याचे मूल्यमापन करावयास हवे.