परदेशी शिक्षणाच्या उंबरठ्यावरचे वर्ष

बारावी झालेल्या मुलाला परदेशातील विद्यापीठाने थेट पदवीच्या वर्गात बसवायचे नाही. आधी एक वर्ष भाषा, गणित आणि तिकडची अभ्यासाची रीत शिकवायची, आणि त्यात तो उतरला तर पुढे घ्यायचे, या व्यवस्थेला आजकाल 'फाउंडेशन इयर' असे नाव आहे. शहरातल्या सल्लागारांच्या फलकांवर हा शब्द वाचून आपल्या पुष्कळ पालकांना ती एखादी नवी इंग्रजी टूम वाटते. खानदेशच्या मुसलमानांपुरते बोलायचे तर ही गोष्ट निदान साडेचारशे वर्षांची जुनी आहे. त्या वर्षाचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर मात्र प्रत्येक काळात निराळे मिळाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म त्या उत्तरात आहे.

फारुकी घराण्याच्या मलिक राजाने १३८२ च्या सुमारास थाळनेरला आपली स्वतंत्र सत्ता उभी केली. हे थाळनेर आज धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात आहे आणि फारुकींच्या कबरी तिथे तापीकाठी अजून उभ्या आहेत. त्याचा मुलगा नासिरखान याने आसीरगड घेतला आणि खुलताबादला विसावलेल्या हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले. आता ते शहर मध्य प्रदेशात गेले. पण १६०१ साली अकबराने आसीरगड जिंकला तोवर खानदेशची राजधानी तीच होती. उत्तरेकडून सुरतेच्या बंदराकडे निघालेले व्यापारी, हाजी आणि तालिबे-इल्म या शहरात थांबत. इथे मुक्काम करणाऱ्याच्या कानावर मक्का-मदिनेची वार्ता सहज पडे.

या शहरात पंधराव्या शतकाच्या अखेरीस शेख अली मुत्तकी जन्मले. हदीसच्या अभ्यासकांना 'कन्जुल उम्माल' या प्रचंड संग्रहामुळे त्यांचे नाव ठाऊक असते. नावापुढे 'अल-बुऱ्हानपुरी' लागते, हे मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. लहानपणी वडिलांनी त्यांना बुऱ्हाणपूरच्या शाह बाजन यांच्या हवाली केले. तरुणपणी माळव्यात थोडी दरबारी चाकरी झाली, त्यात मन रमेना, मग मुलतानला शेख हुसामुद्दीन यांच्याजवळ दोन वर्षे बसून त्यांनी बैजावीची तफसीर वाचली. तिथून गुजरात आणि गुजरातेतून मक्का. पाहा, हे सरळ उठून जहाजात बसणे नव्हते. अरबी व्याकरण, म्हणजे सर्फ आणि नह्व, मग तर्कशास्त्र, फिकह, थोडी तफसीर एवढी शिदोरी घरच्या मुलुखात बांधायची आणि हदीससाठी हरमैनला जायचे, अशी ती रीत होती. परीक्षा नव्हती, फी नव्हती. उस्तादांनी 'आता जा' म्हटले की तयारीचा काळ संपला.

मक्केत स्थायिक झाल्यावर शेखसाहेबांनी जे केले ते मला त्यांच्या ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते. इजिप्तचे सुफी लेखक शअरानी हिजरी ९४७ मध्ये (इ. स. १५४०-४१) त्यांना भेटले, त्यांनी लिहून ठेवले आहे की शेखच्या घराच्या आवारात फकिरांची वस्ती होती आणि प्रत्येकाला आपली निराळी झोपडी होती. शेख स्वतः शाई तयार करून विद्यार्थ्यांना देत, दुर्मिळ ग्रंथांच्या नकला करवून वाटत. परक्या मुलुखात आलेल्या मुलाला आधी छप्पर, शाई आणि पुस्तक लागते, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या शागिर्दांपैकी अब्दुल वह्हाब मुत्तकी मांडूचे. त्यांचे घराणे मांडूहून बुऱ्हाणपूरला आलेले, वडील लवकर वारलेले. विशीच्या आसपास हा मुलगा मक्केला पोचला. अक्षर सुंदर होते, पण ते नस्तालीक वळणाचे, आपल्याकडच्या फारसी दफ्तराचे. अरबी ग्रंथांची नक्कल करायची तर नस्ख वळण हवे. शेखने त्याला नस्ख शिकायला लावले आणि मग आपले ग्रंथ त्याच्याकडून उतरवून घेतले. नव्या विद्यापीठात शिरताना या मुलाला आपल्या हाताचे वळण बदलावे लागले. पण त्यामुळे त्याचे आधीचे शिक्षण कोणी रद्द ठरवले नाही. दिल्लीचे शेख अब्दुल हक मुहद्दिस पुढे १५८८ च्या सुमारास मक्केला गेले ते याच अब्दुल वह्हाबांपाशी शिकायला बसले. जाताना जहाजांचा हंगाम हुकल्याने त्यांना अहमदाबादेत थांबावे लागले होते. तो काळही त्यांनी तिथल्या शेख वजीहुद्दीन अलवी यांच्या सहवासात सार्थकी लावला.

उलट दिशेची गोष्टही सांगितली पाहिजे. बुऱ्हाणपूरच्याच शेख मुहम्मद बिन फजलुल्लाह यांनी हिजरी ९९९ (इ. स. १५९०) मध्ये 'तुहफतुल मुर्सला' ही छोटीशी अरबी पुस्तिका लिहिली. वुजूदच्या, म्हणजे अस्तित्वाच्या, सात पायऱ्या तिच्यात सांगितल्या आहेत. तापीकाठी लिहिलेली ही पाने समुद्र ओलांडून सुमात्रा बेटावरच्या आचेपर्यंत गेली आणि तिथल्या उलेमांत तिच्यावरून मोठे वाद झाले. तिकडचे विद्यार्थी, ज्यांना हिजाजमध्ये सरसकट 'जावी' म्हणत, मदिनेत शिकायला येत. त्यांच्या मुलुखात या पुस्तिकेचा भलताच अर्थ लावला जातो आहे, अशी तक्रार मदिनेचे मोठे उस्ताद इब्राहिम कुरानी यांच्याकडे आली. कुरानींनी त्या लोकांसाठी मुद्दाम एक विस्तृत भाष्य लिहिले. आधी कुरआन आणि हदीसचा पाया, आणि मग हा कठीण विषय, असा त्याचा रोख आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणीसाठी खास तयार केलेले पाठ्यपुस्तकच म्हणा ना! आणि अडचण आली होती ती आपल्या खानदेशी पुस्तकाची.

इंग्रजी अमलात किब्ला लंडनकडे वळला. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेले. मुंबईत त्यांनी मदरशात उर्दू-फारसी आणि एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकून घेतले होते. तरी तिकडे आधी एका शाळावजा कॉलेजात काढावी लागली आणि १८६३ मध्ये ते लंडन विद्यापीठात व मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. म्हणजे तयारीची सुमारे तीन वर्षे! मध्ये डोळ्यांच्या विकाराने परत यावे लागले, पुन्हा गेले, आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. हे सारे पेलणारे वडील सधन व्यापारी होते, एक भाऊ आधीच तिकडे सॉलिसिटर झालेला होता. खानदेशातल्या विणकराच्या किंवा कास्तकाराच्या मुलाने हे स्वप्नातही आणू नये असा तो मामला होता.

सरकारने तर तयारीचा काळच कापून टाकण्याची युक्ती काढली. सनदी नोकरीची परीक्षा फक्त लंडनला होई. १८७० च्या दशकात तिची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली. इकडे मॅट्रिक होऊन, तिकडे जाऊन, दोन-तीन वर्षे लॅटिन वगैरे घोकून एकोणिसाव्या वर्षी परीक्षेला बसणार कोण? सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी १८७७ मध्ये याविरुद्ध देशभर दौरा केला. ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्यायला १९२२ साल उजाडावे लागले. दार उघडे ठेवायचे आणि पायरी काढून घ्यायची, ही रीत तेव्हापासूनची आहे. तय्यबजींनी मात्र मित्रांसह १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली आणि १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. स्वतः चढलेली पायरी त्यांनी इतरांसाठी मुंबईतच बांधायला घेतली.

याच कुटुंबातील अतिया फैजी १९०६ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. प्रकृतीमुळे पुढच्याच वर्षी त्यांना अभ्यासक्रम पुरा न करता परतावे लागले. त्यांची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीबे निस्वाँ'त छापून आली आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' नावाने पुस्तकरूप झाली. बी. एड. करणाऱ्या आपल्या मुलींना हे पुस्तक मिळाले पाहिजे.

विसाव्या शतकात दोन अगदी विरुद्ध टोकांच्या सत्तांनी मक्केची ती जुनी रीत पुन्हा आणली. मॉस्कोत १९६० मध्ये मैत्री विद्यापीठ निघाले, पुढच्याच वर्षी त्याला पॅट्रिस लुमुम्बाचे नाव दिले गेले. आशिया-आफ्रिकेच्या मुलांना तिथे आधी एक वर्ष रशियन शिकवत, आणि तेही वजिफा देऊन. १९६१ मध्ये मदिनेला इस्लामी विद्यापीठ सुरू झाले. अरबी कच्ची असलेल्या परदेशी विद्यार्थ्यासाठी तिथे भाषेचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याही काळात वजिफा मिळतो. एकीकडे नास्तिक राजवट, दुसरीकडे सौदी राजवट! दोघांचे हेतू आपापले राजकीय होते, हे न कळण्याइतके आपण भोळे नाही. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर तयारीचे वर्ष फुकट होते.

आज इंग्लंडमध्ये ते विकत मिळते. विद्यापीठाच्या आवारातच खाजगी कंपन्या हे वर्ग चालवतात आणि एका वर्षाची फी, राहणे, खाणे मिळून सामान्य घराचे कंबरडे मोडते. जर्मनीत 'स्टुडिएनकॉलेग' नावाची व्यवस्था आहे; सरकारी संस्थांत फी नाममात्र, पण जर्मन आधीच बरी यावी लागते. आपली बरीच मुले-मुली डॉक्टरीसाठी रशिया, किरगिझस्तानकडे वळतात. २०२१ च्या भारतीय नियमांनुसार परदेशातील वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचे आणि इंग्रजी माध्यमातून हवे. तेव्हा भाषेचे वर्ष करायचे तर ते त्या हिशेबाच्या बाहेर, पदरमोड करून. केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना २०१३-१४ मध्ये अल्पसंख्याकांच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजासाठी निघाली, ती पदव्युत्तर पदवी, एम. फिल. आणि पीएच. डी.च्या स्तरांसाठी. पायाभरणीचे वर्ष तिच्यात नव्हतेच, आणि २०२२-२३ पासून योजनाही बंद झाली.

परदेश तर पुढची गोष्ट. जळगाव-धुळ्याच्या उर्दू शाळेतून दहावी झालेल्या मुलाचा परदेश अकरावी सायन्सच्या वर्गात सुरू होतो. दहा वर्षे ज्याला तो 'इसरा' म्हणत आला ते आता 'ॲक्सिलरेशन' होते. 'जियाई तालीफ' एका रात्रीत 'फोटोसिंथेसिस' होते. गणित त्याला येते, विज्ञान समजते, पण प्रश्नच कळत नाही. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवणारी मुले दिवाळीपर्यंत गप्प होतात आणि जूनमध्ये आर्ट्‌सला किंवा पॉवरलूमवर दिसतात. लोक म्हणतात, उर्दूची मुले कच्ची. अलीगढ विद्यापीठाने २०१३ मध्ये मदरशांच्या फाजिलांसाठी एक वर्षाचा ब्रिज कोर्स काढला, त्यातून मुले कायदा, इंग्रजी, समाजशास्त्राकडे गेली. दहावी-अकरावीच्या मधल्या खिंडीसाठी असे काही आपल्या दोन जिल्ह्यांत व्हायला मोठ्या इमारती लागणार नाहीत. दोन महिन्यांची सुटी, चार शिक्षक आणि एक शब्दसंग्रह पुरे.

तो शब्दसंग्रह मुलांनी आपल्यापुरता केव्हाच सुरू केला आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखतात: पहिल्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. इसरा, त्वरण, ॲक्सिलरेशन. तिसऱ्या रकान्यातला उच्चार पुष्कळदा उर्दू लिपीत लिहिलेला असतो. वर्ष संपले की ती वही रद्दीत जात नाही, मोहल्ल्यातल्या पुढच्या मुलाकडे जाते, आणि तो तिची नक्कल करून घेतो.