पहिली बोट, तीही जुनी : 'लॉयल्टी'च्या खरेदीची गोष्ट

१/
जून महिन्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर फेरी मारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नौका धक्क्याला लागलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. अशा वेळी एखाद्या जुन्या नौकेभोवती चार माणसे घुटमळताना दिसली, तर खुशाल समजावे की तिथे सौदा चालला आहे. आजचा थ्रेड अशाच एका सौद्याविषयी आहे. फक्त त्यातली बोट जवळजवळ सहा हजार टनांची होती आणि वर्ष होते १९१९.

२/
आधी मिरकरवाड्याचेच थोडे. पहिल्यांदा नौका घेणारा माणूस तीन गोष्टी पाहतो. सांगाडा धड आहे का? इंजिन किती चालले आहे? कागद स्वच्छ आहेत का, म्हणजे नोंदणी, परवाना आणि बँकेचा बोजा? अनुभवी तांडेल मात्र चौथा प्रश्न विचारतो : ही नौका मुळात कोणत्या कामासाठी बांधली होती? एका कामासाठी बांधलेली नौका दुसऱ्या कामाला जुंपली, की ती डिझेल खाते आणि मालकालाही खाते. हा चौथा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

३/
पहिल्या महायुद्धापूर्वीचा आपला किनारा डोळ्यांसमोर आणा. कोकणातला चाकरमानी आगबोटीने मुंबईला जाई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि प्रवासी पडावातून तिच्यापर्यंत पोहोचत. परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी, तांडेल आणि सारंग पिढ्यान्‌पिढ्या राबत होते. समुद्र आपल्या ओळखीचा होता, बोटीवरचे काम ओळखीचे होते. महासागर ओलांडणाऱ्या बोटीची मालकी तेवढी आपली नव्हती.

४/
ही मालकी मिळवण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी चीन-जपानच्या मार्गावर स्वतःची 'टाटा लाइन' सुरू केली. बोटी भाड्याने घेतल्या होत्या. पी. अँड ओ. या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने आपले दर इतके खाली आणले की टाटांना तो उद्योग गुंडाळावा लागला.

५/
१९०६ मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी 'स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' काढली. चिदंबरम हे टिळकांचे अनुयायी, आणि टिळकांचा जन्म आपल्या रत्नागिरीचा. 'गॅलिया' आणि 'लावो' या कंपनीच्या दोन बोटी तुतिकोरिन ते कोलंबो धावू लागल्या. १९०८ मध्ये चिदंबरम यांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. १९११ पर्यंत कंपनीही बुडाली.

६/
या दोन अपयशांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बोट मिळवणे हा अडचणीचा लहान भाग होता. खरी अडचण बोट धक्क्यावरून सुटल्यानंतर सुरू होई. प्रस्थापित कंपनी भाडे पाडू शके. व्यापाऱ्यांना ती 'विलंबित सवलत' देई. वर्षभर आमच्याच बोटींनी माल पाठवा, मग भाड्यातला काही भाग परत मिळेल, अशी ती अट होती. नव्या कंपनीकडे एकदा जरी माल दिला, तरी साठलेली सवलत बुडे. अशा वेळी व्यापारी कितीही देशप्रेमी असला, तरी हिशोबाच्या वहीकडे बघूनच निर्णय घेई.

७/
आता आपल्या कथानायकाकडे येऊ. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरला झाला. कुटुंब गुजराती जैन, व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. वालचंदांना त्यात रस नव्हता. लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेबांधणीची कंत्राटे घेतली. बोगदे, पूल आणि रूळ हे त्यांचे क्षेत्र होते. बोटींच्या धंद्याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. म्हणजे सर्वार्थाने 'पहिल्यांदाच मालक'.

८/
१९१९ च्या आरंभी एक मोठी बोट विक्रीला असल्याची बातमी त्यांच्या कानी आली. ती रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाकडून कळली, असे त्यांच्या चरित्रकथेत येते. बोटीचे नाव 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा. मालक होते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. साताऱ्याच्या कण्हेरखेडहून निघालेले शिंदे घराणे एव्हाना आगबोटीचे मालक झाले होते, ही गोष्टही नोंद घेण्यासारखी आहे.

९/
महाराजांकडे ही बोट आली कुठून? तिचे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. १८९० मध्ये इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस येथे तिचे जलावतरण झाले. मालक होती कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी. दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, दोन पंखे, पांढराशुभ्र रंग आणि ताशी सुमारे १६ नॉट वेग. व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशी ती पॅसिफिक महासागर ओलांडत असे. १९०३ मध्ये तिची एका चिनी क्रूझरशी टक्कर झाली आणि ती क्रूझरच बुडाली.

१०/
महायुद्ध पेटल्यावर १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेर दरबाराने ही बोट विकत घेतली आणि जखमी भारतीय सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले. जानेवारी १९१५ मध्ये तिचे 'लॉयल्टी' असे नामकरण झाले. युद्ध संपले, रुग्ण उतरले आणि बोट रिकामी झाली. १९१९ मध्ये तिचे वय २८ वर्षांच्या पुढे गेले होते. तिला आता प्रौढ म्हणण्याचीही सोय नव्हती. ती म्हातारी होती.

११/
मग ही बोट घ्यावी असे कोणाला का वाटावे? उत्तर युद्धात आहे. जर्मन पाणबुड्यांनी असंख्य व्यापारी बोटी बुडवल्या होत्या. जगात मालाचे ढीग होते आणि वाहून नेणाऱ्या बोटी नव्हत्या. भाडी गगनाला भिडली होती. नव्या बोटीची मागणी नोंदवावी, तर ब्रिटिश गोद्या आपल्याच कंपन्यांची भरपाई करण्यात गुंतलेल्या. ज्याला १९१९ मध्येच धंद्यात उतरायचे होते, त्याला जुन्या बोटीवाचून गत्यंतर नव्हते.

१२/
वालचंदांनी घाई केली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास ही मुंबईतली वजनदार मंडळी सोबत आली. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची नोंदणी झाली. बोटीच्या जुन्या मालकाच्या सन्मानार्थ तिचे नाव ठेवले 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'. मराठी 'शिंदे' इंग्रजीच्या वाटेने 'सिंदिया' होऊन मुंबईच्या पाटीवर परत आले ते असे.

१३/
५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. नोंदणीपासून अवघ्या नऊ दिवसांत! दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. 'राजनिष्ठा' नावाची, भारतीय मालकीची बोट समुद्रात असताना मागे देशातली राजनिष्ठा कायमची ओसरत होती. हा योगायोगच, परंतु त्या एप्रिलचे इतके नेमके चित्र क्वचित सापडेल.

१४/
आता चौथा प्रश्न. ही बोट मुळात कोणत्या कामासाठी बांधली होती? टपाल आणि प्रवासी वेगाने नेण्यासाठी. तिच्यामागे ब्रिटिश आणि कॅनडा सरकारचे टपाल-अनुदान होते. वेग हवा तर कोळसा अफाट जाळावा लागतो, आणि त्या कोळशाचा खर्च अनुदानातून भागत असे. वालचंदांना बोट मिळाली, तिची भूक मिळाली. अनुदान मात्र सौद्यात नव्हते. शिवाय प्रवासी बोटीत केबिनी आणि दालने जागा अडवतात. मालासाठी पोट लहानच राहते.

१५/
जुन्या बोटीचा खरेदीदार लोखंड विकत घेतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो एका विशिष्ट काळाचा, विशिष्ट मार्गाचा आणि विशिष्ट आश्रयाचा हिशोब विकत घेतो. पहिल्या मालकाला जो खर्च परवडला, तो दुसऱ्याला परवडेलच असे नाही. 'लॉयल्टी'ने हा धडा फार लवकर शिकवला. युद्धोत्तर तेजी ओसरून भाडी कोसळली, आणि थोड्याच फेऱ्यांनंतर ती धंद्याला परवडेनाशी झाली. १९२३ मध्ये मुंबईतच तिला मोडीत काढण्यात आले.

१६/
तर मग सौदा फसला का? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. बोट गेली, पण कंपनी राहिली. 'लॉयल्टी'च्या निमित्ताने भांडवल जमले, माणसे जमली, धंद्याची माहिती झाली. कंपनीने पुढे माल वाहणाऱ्या बोटी घेतल्या आणि मोर्चा देशाच्या किनाऱ्याकडे वळवला. चौथा प्रश्न दुसऱ्या खरेदीच्या वेळी विचारला गेला, असे म्हणता येईल.

१७/
किनाऱ्यावरही वाट सोपी नव्हती. समोर लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी उभी होती. दरयुद्धानंतर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाला ७५,००० टनांची मर्यादा पडली. भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यावर माल वाहायचा, प्रवासी वाहतुकीला हात लावायचा नाही, अशा अटी होत्या. म्हणजे 'लॉयल्टी' मोडीत गेली त्याच वर्षी, ती ज्या कामासाठी बांधली होती ते कामही कंपनीला वर्ज्य झाले.

१८/
हा करार शरणागती होता की धोरण? दोन्ही बाजूंनी बोलता येते. टीका करणाऱ्याला जाचक अटी दिसतात. मला दहा वर्षे दिसतात. टाटांना आणि चिदंबरम यांना नेमकी ही उसंत मिळाली नव्हती. दर पाडून बुडवली जाणार नाही, एवढी हमी मिळताच सिंदियाने मुळे धरली. दरम्यान लढा विधिमंडळात गेला. १९२८ मध्ये सराभाई हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय बोटींसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही, पण मागणी पुन्हा झाकता आली नाही.

१९/
बोटीचा मालक भारतीय असला, तरी तिचे अधिकारी कोण? त्या काळी ते बहुतेक ब्रिटिशच असत. कोकणातला खलाशी सारंग होई, कप्तान होत नसे. भारतीय अधिकारी घडवण्यासाठी १९२७ मध्ये मुंबईच्या बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले. 'डफरिन' हीसुद्धा सैनिक वाहणारी जुनी बोट होती. नव्या कामाला जुनी बोट, हा क्रम इथेही दिसतो. आणि इथे तो यशस्वी झाला, कारण शाळेला वेग लागत नाही, कोळसाही फारसा लागत नाही.

२०/
शेवटची पायरी म्हणजे नवी बोट, आणि तीही इथेच बांधलेली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी 'जलउषा'चे जलावतरण केले. दुसऱ्याची जुनी बोट घेण्यापासून स्वतःची नवी बोट पाण्यात सोडण्यापर्यंत २९ वर्षे लागली. वालचंदांनी तो दिवस पाहिला. १९५३ मध्ये ते गेले.

२१/
१९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस 'राष्ट्रीय सागरी दिन' म्हणून साजरा होतो. तो दिवस 'जलउषा'च्या जलावतरणाचा नाही. तो एका थकलेल्या, कोळसाखाऊ, दुसऱ्याच्या कामासाठी बांधलेल्या बोटीच्या पहिल्या फेरीचा आहे. मला ही निवड योग्य वाटते. त्या दिवशी उत्तम बोट निघाली नव्हती. मालक होण्याची सुरुवात झाली होती, आणि चुकांसकट झाली होती.

२२/
मिरकरवाड्यात जुन्या नौकेच्या नाळेवर नव्या मालकाने नाव रंगवताना मी अनेकदा पाहिले आहे. खालचे जुने नाव नव्या रंगातून बरेच दिवस डोकावत राहते. पहिल्या हंगामात ती नौका किती कमावेल हे कोणीच सांगू शकत नाही. नव्या मालकाला माझे सांगणे एवढेच, की चौथा प्रश्न जरूर विचारा. आणि उत्तर मनासारखे आले नाही तरी 'लॉयल्टी' आठवा. पहिली बोट टिकली नाही म्हणून मालकी वाया जात नाही. दुसरी बोट कशी निवडायची ते ती शिकवून जाते.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरात कोणी आगबोटीने प्रवास केला असेल, कोणी सारंग किंवा खलाशी असेल, तर त्यांची आठवण खाली जरूर लिहा. कोकणाच्या सागरी इतिहासाचा फार मोठा भाग अजून घराघरांतच पडून आहे.